'भाषा विचार घडवते' हे विधान तपासायचं कसं?

अनुस्वार

भाषा, मन आणि वास्तव यांच्या नात्यावरचं काहीही वाचायला घेतलं की एक विधान हमखास भेटतं: भाषा विचार घडवते. पुरावा मात्र दर वेळी निराळा. कुणी सांगतं होपी या अमेरिकेतल्या आदिवासी भाषेत काळच नाही, कुणी एस्किमोंचे बर्फाचे असंख्य शब्द मोजतं, कुणी संस्कृत वैयाकरण भर्तृहरीची कारिका (श्लोकातलं सूत्र) देतं, तर कुणी तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनचं 'माझ्या भाषेच्या सीमा म्हणजे माझ्या जगाच्या सीमा'. हे चारही पुरावे एकाच विधानाचे आहेत, असं धरून चाललेलं असतं. ते तसे आहेत का?

मराठीत बघायला गेलं तर गुंता वाढतो. 'परवा' हा एकच शब्द, मागच्या दिवसालाही तोच आणि पुढच्या दिवसालाही तोच. म्हणून मराठी माणसाला भूत आणि भविष्य वेगळे कळत नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पण 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद मराठीला पाळावाच लागतो, हिंदीच्या 'हम'ला लागत नाही. यावरून 'मराठी माणूस आतल्या-बाहेरच्या माणसांचा विचार वेगळ्या रीतीने करतो' असं कुणी म्हटलं, तर ते मात्र पटण्यासारखं वाटतं. दोन्ही उदाहरणांची जात एकच असताना एक सोडायचं आणि दुसरं धरायचं, याला आधार काय?

या विषयावर एक टिपण लिहायचं आहे, त्यासाठी विचारायचं आहे ते असं. हे विधान तपासण्याची सर्वमान्य रीत कोणती? भारतीय तत्त्वज्ञानातले दावे आणि आजचे प्रयोग एकाच ओळीत मांडता येतात का? आणि यात 'वास्तव' नेमकं कुठे येतं, की ते नुसतं शीर्षकापुरतं असतं?

---

मोजपट्टी

दोन्ही उदाहरणं सोडा, निदान सध्या. दोन्हींत शब्दकोशातून उडी मारून थेट मनात जायचा प्रकार आहे. भाषेत भेद आहे हे दाखवणं ही पहिली पायरी झाली. तो भेद मनातही आहे हे *भाषेबाहेरच्या* कामातून दाखवावं लागतं. नाहीतर युक्तिवाद गोल फिरतो: ते वेगळं बोलतात म्हणून वेगळा विचार करतात, आणि वेगळा विचार करतात हे कशावरून, तर वेगळं बोलतात.

होपीत काळ नाही, हे अमेरिकी भाषाभ्यासक व्हॉर्फचं विधान इथेच अडकलं. पुढे १९८३ साली भाषाशास्त्रज्ञ एकेहार्ट मालोत्की यांनी सहाशेहून अधिक पानांत होपीतल्या काळाच्या अभिव्यक्ती नोंदवल्या. दिवसांची मोजणी, ऋतू, क्रियापदाची भविष्यदर्शक रूपं, सगळं निघालं. बर्फाची गोष्ट तर त्याहून पोकळ. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार मूळ रूपं दिली होती. त्या भाषांत एका धातूला प्रत्यय लावत अख्खं वाक्य एका शब्दात बसवता येतं, त्यामुळे 'बर्फाला किती शब्द' हा आकडा मोजणारा ठरवेल तितका.

चांगली चाचणी कशी असते ते रशियनच्या उदाहरणावरून सांगतो. रशियनमध्ये फिक्या निळ्याला 'गालुबोय' आणि गडद निळ्याला 'सीनी' म्हणतात. दोन्हींना मिळून रोजच्या वापराचा एक शब्द नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निळ्याच्या फिक्यापासून गडदपर्यंत २० छटा घेतल्या. पडद्यावर तीन चौकोन, वर एक आणि खाली दोन. खालच्यांपैकी कोणता वरच्यासारखा हुबेहूब आहे, ते बटण दाबून सांगायचं. इथे बोलायचं काहीच नाही, आठवायचंही नाही, तिन्ही चौकोन समोरच आहेत. खालचे दोन रंग गालुबोय-सीनी सीमेच्या दोन बाजूंना असले की रशियन भाषक लवकर उत्तर देत. दोन्ही एकाच बाजूचे असले की त्यांना वेळ लागे. इंग्रजी भाषकांत हा फरक दिसला नाही. सीमा सर्वांसाठी एकच धरली नव्हती, प्रत्येकाला विचारून ज्याची त्याची ठरवली होती. ही गोष्ट साधी वाटते, पण ती चुकली तर सगळा निकाल पुसट होतो.

खरी कळीची जागा पुढे आहे. तेच काम करताना मनातल्या मनात आठ अंकांची मालिका घोकायला लावली. रशियन भाषकांचा तो फायदा नाहीसा झाला. त्याऐवजी चौकटीतल्या काळ्या खणांची जागा लक्षात ठेवायला लावली, म्हणजे मनावर ओझं तर आहे पण ते शब्दांचं नाही, तेव्हा फायदा टिकला.

याचा अर्थ नीट घ्यायला हवा. भाषा हा डोळ्यांवर कायमचा बसलेला चष्मा असता, तर अंक घोकून तो उतरला नसता. शब्द त्या क्षणी कामाला लागलेले असतात आणि त्यांना दुसऱ्या कामाला जुंपलं की त्यांची मदत थांबते. इंग्रजी भाषकांनाही दोन छटा वेगळ्या दिसतच होत्या. फरक सेकंदाच्या अंशाचा होता, दिसण्या-न दिसण्याचा नव्हता.

तेव्हा 'भाषा विचार घडवते' हे वाक्य कुठेही दिसलं की त्याला तीन प्रश्न विचारावेत. मनाचं कोणतं काम (ओळखणं, लक्षात ठेवणं, मोजणं, ठरवणं)? परिणाम बोलताना होतो, बोलायच्या तयारीत होतो, की तोंड आणि मन दुसरीकडे गुंतलेलं असतानाही होतो? आणि हा फरक भाषेमुळे, की तिच्याबरोबर येणाऱ्या शिक्षणामुळे, लिपीमुळे, भूगोलामुळे?

गाजलेले निकाल टिकतातच असं नाही, हेही लक्षात असू द्या. चिनी भाषक काळ उभ्या रेषेत कल्पितात, म्हणून त्यांना उभ्या मांडणीनंतर काळाचे प्रश्न लवकर सुटतात, हा २००१ चा निकाल २००७ मध्ये इतरांना पुन्हा मिळाला नाही. नामाच्या व्याकरणिक लिंगामुळे पूल 'नाजूक' किंवा 'भक्कम' वाटतो, हे तर लेखालेखांत असतं. २०१४ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल आला नाही. टिपणात ही दोन उदाहरणं घालू नका.

---

कारिका

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण भर्तृहरीचा इथे फार गैरवापर होतो.

त्याच्या वाक्यपदीय या ग्रंथाच्या ब्रह्मकांडातली, म्हणजे पहिल्या भागातली, कारिका अशी: 'न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते'. शब्द मागोमाग आल्यावाचून होणारी जाणीव जगात नाही, आणि पुढच्या अर्धात म्हटलंय की सगळं ज्ञान जणू शब्दाने ओवलेलंच प्रकाशतं. हे वाचून 'पाहा, व्हॉर्फच्या दीड हजार वर्षं आधी!' असं म्हणण्याचा मोह होतो. पण भर्तृहरीचा 'शब्द' म्हणजे मराठी, रशियन किंवा संस्कृत नव्हे. तो शब्दतत्त्वाबद्दल बोलतोय, जाणिवेच्या घडणीतच असलेल्या 'हे अमुक आहे' अशा आकाराबद्दल. पुरावा त्याच्याच मजकुरात आहे. अजून एकही शब्द न शिकलेल्या बाळाचं काय, ही शंका त्याला ठाऊक होती. त्याचं उत्तर असं की बाळाच्या हालचालींतही पूर्वीच्या संस्कारांतून आलेली शब्दभावना असतेच. बाळाला कोणतीही विशिष्ट भाषा येत नाही, तरी शब्द आहे. मग दोन भाषांतल्या माणसांची तुलना करून या दाव्याची परीक्षा कशी होणार? दोन्हीकडे शब्द सारखाच हजर आहे. रशियन निळ्याचा प्रयोग भर्तृहरीच्या बाजूनेही जात नाही आणि विरुद्धही जात नाही.

विटगेनस्टाइनच्या त्या वाक्याचं असंच झालं आहे. ते १९२१ च्या ग्रंथात ५.६ या क्रमांकावर येतं आणि तिथे 'माझी भाषा' म्हणजे जर्मन नाही. ज्या तार्किक घडणीत कोणतंही विधान सार्थ होतं, ती घडण. हे दोघे एका बाजूला आणि व्हॉर्फ दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी केली की अर्धा गोंधळ मिटतो. पहिले विचारतात 'भाषेशिवाय जाणीव शक्य आहे का?' व्हॉर्फ विचारतो '*ही* भाषा की *ती*, याने जाणीव बदलते का?'

पहिल्या प्रश्नावर भारतीय परंपरेत जे भांडण झालं ते मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग म्हणतो प्रत्यक्ष (इंद्रियांनी थेट होणारं ज्ञान) म्हणजे कल्पनापोढ, कल्पनेने न शिवलेलं, आणि कल्पना म्हणजे नाव, जाती वगैरे जोडणं. डोळ्याला भिडतं ते एकमेवाद्वितीय स्वलक्षण, म्हणजे नाव न लागलेली ती एकच वस्तू; 'गाय' हे आपण नंतर जोडतो. तेही गाय नावाचं सामान्य तत्त्व सापडलं म्हणून नाही, 'गाय-नसलेलं' बाजूला सारून. हाच अपोह. भर्तृहरीच्या अगदी उलट टोक, आणि तरी दिङ्नागावर भर्तृहरीचा प्रभाव स्पष्ट आहे: भाषेची ताकद दोघांनीही मान्य केली, फक्त एकाने तिला जाणिवेच्या मुळाशी नेलं आणि दुसऱ्याने प्रत्यक्षाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं.

मधली वाट मीमांसक कुमारिल भट्टाची. आधी होतं ते आलोचनज्ञान, निर्विकल्पक (नाव-जाती न जोडलेलं), बाळाच्या किंवा मुक्या माणसाच्या ज्ञानासारखं, शुद्ध वस्तूपासून उपजलेलं. मग त्याच वस्तूचं नाव-जातीसह सविकल्पक ज्ञान, आणि तेही प्रत्यक्षच. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातल्या, न्यायसूत्रातल्या, प्रत्यक्षाच्या व्याख्येत 'अव्यपदेश्य' (शब्दात न सांगता येणारं) आणि 'व्यवसायात्मक' (निश्चयरूप) हे दोन शब्द आहेत. टीकाकार वाचस्पती मिश्राने पहिल्याचा अर्थ निर्विकल्पक आणि दुसऱ्याचा सविकल्पक असा लावून दोन्ही पायऱ्या सूत्रातच बसवल्या.

टिपणात हे मांडायचं तर एक पथ्य पाळा. निर्विकल्पकाला 'प्रयोगात पहिले अमुक मिलिसेकंद' असं भाषांतरित करू नका. नैयायिकांच्या (न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या) मते निर्विकल्पक स्वतः जाणवतच नाही, ते सविकल्पकावरून अनुमानाने मानावं लागतं. 'दंडधारी पुरुष' हे विशिष्ट ज्ञान व्हायला 'दंड' या विशेषणाचं ज्ञान आधी हवं, या तर्काने. ती मोजलेली वेळ नाही.

---

अनुस्वार

दोघांचेही आभार. 'भाषेशिवाय' आणि 'ही भाषा की ती' हा फरक आजवर कुठे इतका स्पष्ट वाचला नव्हता. आता असं विचारावंसं वाटतं: पहिल्या प्रश्नाचीही काही परीक्षा होऊ शकते का? म्हणजे भाषा गेली किंवा मुळात आलीच नाही, तर काय उरतं? कुमारिलाचा 'मुका' इथे नुसता दृष्टान्त राहायला नको.

आणि 'फुटला / फोडला / हातून फुटला', म्हणजे घटना सांगताना ती कुणाकडून झाली हे सांगायचं की नाही, यावर मराठीत छोटी चाचणी घ्यायची असेल तर कशी बांधावी? एकूण विसेक माणसं मिळू शकतील.

---

शून्यलब्धी

पहिल्या प्रश्नाला संख्या हे सर्वांत स्वच्छ मैदान आहे, कारण उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला मत लागत नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा भाषेत संख्यावाचक म्हणून तीन शब्द सांगितले जात. 'होई' हे दोन वेगळ्या सुरांत, एक आणि दोन या अर्थी, आणि तिसरा 'पुष्कळ'. २००८ च्या अभ्यासात वस्तू एकेक वाढवत न्यायच्या ऐवजी दहापासून एकेक कमी करत शब्द विचारले. तेव्हा 'एक'वाला शब्द काहींनी सहा वस्तूंनाही वापरला. म्हणजे तो 'एक' नव्हताच, 'थोडे' होता. मोजणी कोणत्या दिशेने केली यावर शब्दाचा अर्थ ठरत होता. आधीच्यांचा अंदाज का चुकला, ते यातून कळतं.

मग कामं दिली. समोर दोऱ्याची रिळं ओळीत मांडली, तितकेच न फुगवलेले फुगे मांडा. रिळं डोळ्यांसमोर असताना, अगदी ओळीतलं अंतर असमान असतानाही, उत्तरं जवळजवळ बिनचूक. म्हणजे 'तंतोतंत तितकेच' ही कल्पना त्यांना कळत होती. पण रिळं झाकली किंवा एकेक करून डब्यात टाकली की चुका सुरू. त्या मनाला येतील तशा नव्हत्या. संख्या वाढेल तशी चूक त्याच प्रमाणात वाढत होती, प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीभोवती किती पसरतात ते) संख्येच्या सुमारे ०.१५ पट. आठाला साधारण सव्वा, चाराला अर्ध्याहून थोडी जास्त. सगळ्या माणसांत आणि कित्येक प्राण्यांत असलेला अंदाजी संख्याबोध नेमका असाच चुकतो.

इथे लगेच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: त्या समाजात मोजण्याची गरजच नसेल, भाषेला दोष का? याला उत्तर निकाराग्वातल्या बधिर प्रौढांकडून मिळतं. त्यांना कोणतीही प्रस्थापित खुणांची भाषा शिकायला मिळाली नाही, घरात स्वतःच बनवलेल्या खुणांवर त्यांचं चालतं. पण राहतात मोजणाऱ्या समाजात, पैशांचे व्यवहार करतात. २०११ च्या अभ्यासात तीनापुढच्या संख्या त्यांच्याही सातत्याने तंतोतंत राहत नव्हत्या. ते बोटांनी संख्या दाखवत, पण ती जवळपासची असे. गरज होती, समाज होता, 'एक, दोन, तीन' अशी पाठ म्हणायची मालिका नव्हती.

उलट बाजूचा पुरावा तितकाच ठाम आहे. रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीव्र वाचाघात झालेल्या (मेंदूला इजा होऊन भाषा गेलेल्या) तीन माणसांची नोंद प्रसिद्ध केली. 'सिंहाने माणसाला मारलं' आणि 'माणसाने सिंहाला मारलं' यांतला फरक त्यांना व्याकरणावरून कळत नव्हता. पण ५९ – १३ आणि १३ – ५९ यांतला फरक कळत होता आणि कंसांची उदाहरणंही ते सोडवत होते. उजवी-डावी बाजू, आधी-नंतर, आतला कंस-बाहेरचा कंस, ही सगळी रचना वाक्यरचनेवाचून शाबूत होती.

दोन्ही एकत्र ठेवा. तंतोतंत संख्या मिळवायला मोजणीच्या शब्दांची शिडी लागते. एकदा वर पोचल्यावर, निदान अंकांसारखी लिखित चिन्हं हाताशी असताना, वाक्याची भाषा गेली तरी गणित पडत नाही. मला वाटतं 'भाषेशिवाय विचार शक्य आहे का' या प्रश्नाची मांडणीच यामुळे बदलायला हवी. *शिकताना* लागते आणि *वापरताना* लागते, ही दोन विधानं वेगळी आहेत. भर्तृहरीचे आणि दिङ्नागाचे आजचे वकील बहुतेक वेळा यातल्या वेगवेगळ्या विधानांवर भांडत असतात.

कुमारिलाच्या 'मुक्या'बद्दल: जन्मतः बधिर माणूस भाषाहीन असतो हे त्या काळचं गृहीत चुकीचं आहे. खुणांच्या भाषा पूर्ण भाषा आहेत, व्याकरणासह. दृष्टान्त वापरायचा असेल तर ही दुरुस्ती जोडूनच वापरा.

---

मोजपट्टी

आता मराठी चाचणी. कल्पना चांगली आहे, कारण इथे मराठीत तीन खण आहेत. 'त्याने पेला फोडला', 'त्याच्या हातून पेला फुटला', 'पेला फुटला'. मधल्यात माणूस आहे, पण कर्ता नाही. इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांवर २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात दोनच रकाने होते, कर्ता सांगितला किंवा नाही. मुद्दाम केलेल्या कृतीत दोन्ही गट सारखे. अपघातात मात्र इंग्रजी भाषक कर्ता अधिक वेळा सांगत आणि 'हे कुणाकडून झालं' हेही त्यांना अधिक आठवत असे. मराठीची नोंद दोन रकान्यांत कोंबली तर सगळी गंमत मधल्या रकान्यात हरवेल.

बांधणी अशी ठेवा. आठ घटना निवडा: पेला फुटणे, पाणी सांडणे, कागद फाटणे, फुगा फुटणे, अशा. प्रत्येकीची मुद्दाम आणि अपघाती अशी दोन चित्रणं, मिळून १६, प्रत्येक पाच-सहा सेकंदांचं. दोन माणसं, कपड्यांचे रंग ठळक वेगळे, आणि कोण काय करतो हे अर्ध्या प्रेक्षकांसाठी उलटं केलेलं. नाहीतर 'लाल सदऱ्यावाला धांदरट' एवढंच लक्षात राहील. आवाज काढून टाका; 'अरे!' असा उद्गार ऐकू आला की त्यातच अपघात सांगितला जातो.

वर्णन करणारी आणि आठवणारी माणसं वेगळी हवीत. ज्याने आधीच 'त्याने फोडला' म्हटलं त्याची आठवण त्या वाक्याने रंगते, मग तुम्ही भाषेचा नाही, नुकत्याच उच्चारलेल्या वाक्याचा परिणाम मोजता. सूचनाही तपासून घ्या. 'काय *झालं* ते सांगा' आणि '*त्याने काय केलं* ते सांगा' यांतली दुसरी सूचना उत्तर पढवते. 'चित्रात काय दिसलं ते लिहा' हे त्यातल्या त्यात बरं. आठवणाऱ्या गटाला एक साधी नियंत्रण-चाचणी द्या, वस्तूचं तोंड डावीकडे होतं की उजवीकडे. एका गटाची एकूण स्मृतीच चांगली असेल तर ती इथे उघडी पडते.

शब्दांचा त्या क्षणीचा हात आहे का, हे पाहायला निम्म्या लोकांकडून चित्रण बघताना पुटपुटणं करून घ्या. इथे एक खाच आहे. 'सात अंक घोका' असं सांगून दोन भाषांतले गट समान होत नाहीत. तोंडी स्मृतीत साधारण दोन सेकंदांत म्हणता येईल एवढंच मावतं, त्यामुळे अंकांचे उच्चार लांब असलेल्या भाषेत त्याच सात अंकांचं ओझं जास्त पडतं. मराठीत दोन अंकी संख्या तर अजिबात नकोत, 'एकोणचाळीस'ने निम्मा वेळ खाल्ला. त्यापेक्षा 'ता ता ता' असा अर्थहीन उच्चार, सेकंदाला दोन, तालयंत्रावर. तुलनेसाठी उरलेल्यांनी त्याच तालावर पाय आपटायचा.

आता वाईट बातमी. वीस माणसांत हे जमणार नाही. हिशेब मांडतो. प्रत्येकाला अपघाताचे आठ प्रश्न, दोन पर्यायांतून एक निवडायचा. बरोबर उत्तरांचं प्रमाण ०.७५ च्या आसपास धरलं, तर निव्वळ योगायोगाने एका माणसाच्या गुणांत ०.१५ एवढं विचलन येतं. माणसामाणसांतला खरा फरक ०.१० धरून दोन्ही मिळून ०.१८. अगदी दर गटात २० जण असले तरी दोन गटांच्या सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल) सुमारे ०.०५७. तुम्ही शोधताय तो परिणाम ०.०५ च्या घरात असू शकतो, म्हणजे गाळणीचं भोकच दाण्याहून मोठं. दहातल्या आठ वेळा तो हाती लागावा असं वाटत असेल तर दर गटात सुमारे २०० माणसं हवीत.

वीस जणांत प्रामाणिकपणे करता येईल ते वर्णनाचं काम. प्रत्येकाकडून १६ वाक्यं, एकूण ३२०, तीन रकान्यांत लावायची. लावणाऱ्या दोघांनी एकमेकांचं न बघता लावायची, आणि मतभेद किती झाले हा आकडाही टिपणात द्यायचा. यातून मराठी *बोलणं* कळेल. त्याला मन म्हणू नका.

'आपण / आम्ही'ची चाचणी मी आत्ता घेणार नाही. 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'साठीही येतं आणि बोलण्यात 'मी'साठीही ('आपण नाही घाबरत'). ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घेतला हे आधी निश्चित करता आलं नाही तर पुढचं सगळं वाळूवर. निळ्याचंही तेच. 'आकाशी' हा मराठीत निळ्याचाच प्रकार मानला जातो, 'गालुबोय'सारखा स्वतंत्र मूळ रंग नाही. रशियन प्रयोग उचलून मराठीत ठेवता येत नाही.

---

धातुरूप

तिसरा प्रश्न, वास्तवाचा, मागे पडला आहे. तो शीर्षकापुरता नाही.

वरचे सगळे प्रयोग वास्तव स्थिर धरूनच चालतात. रंगाचा प्रकाश किती नॅनोमीटरचा, रिळं किती, पेला कुणाकडून फुटला, हे प्रयोग करणाऱ्याला स्वतंत्रपणे माहीत असतं, म्हणून तर चूक मोजता येते. तेव्हा 'प्रत्येक भाषेचं वास्तव वेगळं' हा निष्कर्ष या प्रयोगांतून काढणं म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणं.

पण वास्तवाचा एक भाग असाही आहे की जो शब्दांनीच उभा राहतो. 'सभा तहकूब झाली' असं अध्यक्षांनी म्हटलं की ती तहकूब होते. ते वाक्य घडलेल्या गोष्टीचं वर्णन नसतं. वचन, करार, पदवी, चलन हे सगळं 'अमुक गोष्ट अमुक संदर्भात तमुक मानली जाईल' या घडणीतून येतं, असं तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९९५ मध्ये व्यवस्थित मांडलं. इथे भाषा काढून घेतली तर कागद उरतो, नोट उरत नाही. डोंगराचं तसं नाही.

या दोन टोकांच्या मधलं एक उदाहरण टिपणात जरूर घ्या, कारण तिथे भाषा आणि वस्तू यांची सीमा डोळ्यांनी दिसते. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलाचं वस्तुमान. तो दंडगोल एक किलोग्रॅमचा आहे, हे विधान खोटं ठरणं शक्यच नव्हतं. नियमच तसा होता. १९८८ ते १९९२ च्या पडताळणीत त्याच्या प्रती त्याच्याशी ताडून पाहिल्या. शंभर वर्षांत अंतर ५० मायक्रोग्रॅमच्या घरात पडलं होतं. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? भाषेच्या नियमानुसार एकच उत्तर बसत होतं: मूळ तर व्याख्येनेच एक किलोग्रॅम, म्हणून बदलल्या त्या प्रती. पण वजनकाट्यासमोर उभ्या असलेल्या कुणालाही कळत होतं की धातूच्या तुकड्याला आपल्या व्याख्येची खबर नसते. तो हलका झालेला असू शकतो, फक्त ते *म्हणायला* जागा नव्हती. २० मे २०१९ पासून व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर (भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर) गेली आणि त्याच दंडगोलाबद्दलचं तेच वाक्य मोजून खरं-खोटं ठरवण्याचं विधान झालं. त्या दिवशी दंडगोल तसूभरही बदलला नाही. बदललं ते कोणती शंका घेता येते, हे.

कारिका यांना एक विचारायचं आहे. हे उदाहरण दिङ्नागाच्या चौकटीत नीट बसतं असं मला वाटतं: स्वलक्षण जागच्या जागी, फिरली ती कल्पना. भर्तृहरी याचं काय करेल?

---

कारिका

भर्तृहरी आधी विचारेल की 'दंडगोल जागच्या जागी राहिला' हे तुम्हाला कशातून कळलं. 'तोच दंडगोल' ही ओळख, कालचा आणि आजचा एकच, हीसुद्धा शब्दानुविद्ध, शब्दाने ओवलेली, जाणीवच आहे. स्वलक्षण तर क्षणिक. दिङ्नागाच्या परंपरेत कालचा दंडगोल आज 'तोच' नाहीच, 'तोच' म्हणणं हीच कल्पना. त्यामुळे उदाहरण दिङ्नागाच्या चौकटीत वाटतं तितकं सहज बसत नाही. १८८९ ते २०१९ टिकणारी वस्तू मानायची असेल तर तुम्हाला नैयायिकांकडे जावं लागेल. तिथे द्रव्य टिकतं, त्याचे गुण बदलतात, आणि 'सोऽयम्' ('तोच हा') ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे पुन्हा ओळखणं, प्रत्यक्षाचाच भाग मानली जाते. किलोग्रॅमचं उदाहरण टिपणात घ्याल तेव्हा त्याच्याशेजारी न्याय ठेवा.